दर्या आणि दऱ्या

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. परतीचा पाऊस दुपारीच पडून गेला होता, सांगलीतल्या माझ्या टायपिंग-छपाईच्या दुकानासमोर साठलेलं पाणी अजून हळूहळू ओसरत होतं, आणि गुरुजी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आले. मांडीवर सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला आधी पेटी वाटली. हरिपूरला त्यांच्या घरी भजन चालतं, पेटी दुरुस्तीला मिरजेला निघाली असेल. सतरंजी सोडली तर आत संगणकाचा डबा, ओल्या फडक्याने पुसून आणलेला. परीक्षेचे पेपर ठेवावेत तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि धाप उतरेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. वय ७८. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली नाही, पण माझ्या टेबलावरून गेलेल्या मजकुरात त्यांनी जितक्या चुका काढल्या, तितक्या शाळेतल्या कुठल्या बाईंनीही काढल्या नव्हत्या.

"ताई, दुकानदार म्हणतोय, भंगारात घाला. पडद्यावर रोज पाटी येते, तुमचं मशीन नव्याला चालणार नाही म्हणून. आता तुम्हीच सांगा, लिहायला बसलो की ते लिहितंय, छाप म्हटलं की छापतंय. कुठं अडत नाही. मग ते म्हातारं झालं, हे ठरवलं कुणी?"

नातू हसला. मला हसू आलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते, त्या डब्याकडे बघत होते. "ठेवून जा गुरुजी, बघते," एवढंच मी म्हटलं, आणि त्यांनी सतरंजीची व्यवस्थित घडी घालून ती काखेत घेतली.

उत्तर मला देता आलं नाही, आणि ते रात्री झोपेपर्यंत टोचत राहिलं.

पाटी खोटी नव्हती. निम्म्या सांगलीच्या संगणकांत जी विंडोज १० ही प्रणाली आहे, तिला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, आणि पुढच्या प्रणालीला लागणारी सुरक्षेची चिप २०१४ साली घेतलेल्या या डब्यात नव्हती. दहा वर्षं त्या दुरुस्त्या बिनबोभाट येत होत्या, हेही खरं. पण गुरुजींचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता. योगायोग असा, की १४ ऑक्टोबर ही तारीख मला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. १९९६ साली याच दिवशी जर्मनीत ट्युबिंगेनला शिकणाऱ्या माथियास एट्रिश नावाच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक निरोप टाकला होता: साध्या माणसाला वापरता येईल, सगळीकडे एकसारखा दिसेल, असा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, लिनक्स या मोफत प्रणालीसाठी करूया, कोण येतंय? त्यातून केडीई हा प्रकल्प उभा राहिला. आणि २९ वर्षांनी त्याच तारखेच्या तोंडावर केडीईच्या लोकांनी इतर प्रकल्पांना बरोबर घेऊन 'एंड ऑफ टेन' ही मोहीम चालवली. जुना संगणक टाकू नका, त्यावर लिनक्स घाला, आणि तुमच्या गावात ते घालून देणारं कोण आहे त्याची यादी करा, असं त्यांचं म्हणणं. मीही माझं दुकान १९९६ च्याच दिवाळीत, पाडव्याला उघडलं. तेव्हा केडीई हा शब्द माझ्या कानावर आलेला नव्हता. टायपिंगची परीक्षा, एक सेकंडहँड संगणक आणि सासूबाईंनी मोडायला दिलेल्या दोन पाटल्या, एवढ्यावर सगळं सुरू झालं.

त्या वेळी मराठीसाठी जो प्रोग्राम घेतला, त्याला कुलूप होतं. खरोखरचं. संगणकाच्या मागे प्रिंटरची केबल लागते तिथं काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. आम्ही त्याला लॉक म्हणायचो. लॉक नसेल तर प्रोग्राम उघडायचा नाही. रात्री दुकान बंद करताना मी ते काढून पर्समध्ये ठेवायची, कारण संगणकाइतकीच त्याची किंमत होती. २००५ च्या जुलैअखेरीस कृष्णा आली तेव्हा मात्र पर्स न्यायचंही सुचलं नाही. पोरं, सासूबाई, गॅसचं पुस्तक आणि दोन पातेली घेऊन आम्ही विश्रामबागेत दिरांकडे गेलो. परत आलो तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ होता. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल: कुजलेला कागद, रॉकेल, आणि पेठेत भिजलेल्या हळदीचा उग्र, डोक्यात जाणारा दर्प. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. हार्डडिस्क मिरजेच्या एका मुलाने उघडून, वाळवून, कशीतरी चालवली आणि फायली काढून दिल्या. मी देवाला नारळ फोडला. मग फायली उघडायला गेले.

लॉक सडलं होतं. कंपनीला फोन केला, पुराची हकिगत सांगितली. नवीन घ्यावं लागेल, पूर्ण किंमत भरून, असं उत्तर आलं. घ्यायला पैसे नव्हते. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामात त्या फायली उघडल्या की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा, मधूनच एखादा कंस, एखादं डॉलरचं चिन्ह. नऊ वर्षांच्या लग्नपत्रिका, उत्तरकार्याची पत्रं, सोसायट्यांचे अहवाल, सगळं माझ्यासमोर होतं आणि त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. त्यातच गुरुजींची चाळीस पानं होती. हरिपूरच्या पेवांवर त्यांनी लिहिलेलं आणि माझ्याकडे टाइप करायला दिलेलं. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान आणि पोट मोठं असलेली ती पेवं. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही. उघडल्यावर आत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. हाताने लिहिलेली वही त्यांच्या घरात होती, आणि घर नदीच्या अंगाला. त्याच पुराने पेवांतही पाणी भरलं. वही गेली, पेवं गेली, आणि त्यांच्यावरची चाळीस पानं माझ्याकडे बंद कुलपात राहिली.

"असू द्या," गुरुजी म्हणाले होते. एवढंच.

पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा प्रोजेक्टचा अहवाल बांधून घ्यायला आला. माझी अडचण ऐकून त्याने दप्तरातून पुठ्ठ्याच्या पाकिटातली एक सीडी काढली. उबुंटू, लिनक्सचाच एक प्रकार. तेव्हा नाव-पत्ता कळवला की ती लोकं जगभर कुठेही या सीड्या टपालाने फुकट पाठवायची. २०११ पर्यंत पाठवत होती. माझा पहिला प्रश्न अगदी बाजारातला होता: फुकट कशाला देतात? मुलगा म्हणाला, "काकू, कुलूप नाही याला. तुम्ही दुसऱ्याला दिलीत तरी चालतं. द्याच म्हणतात." त्या दिवशी कुलूप हा शब्द त्याने वापरला नसता तर मी ती सीडी टेबलाच्या खणात टाकून विसरले असते. रात्री घातली. तपकिरी रंगाचा पडदा आला, माझ्या सगळ्या फायली दिसल्या. उघडल्या नाहीत, पण दिसल्या. त्याच मुलाने पुढे सुट्टीत बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला, जुन्या फाँटच्या एकेका खुणेला युनिकोडचं, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारं, अक्षर लावणारा. कुठल्या खुणेला कुठलं अक्षर ते मी सांगायचं आणि त्याने लिहायचं. आठ दिवस लागले. गुरुजींची चाळीस पानं कचऱ्यातून हळूहळू मराठीत आली. मी ती छापून हरिपूरला पाठवली.

चौथ्या दिवशी पानं परत आली, लाल शाईने माखलेली. प्रत्येक पानावर वर्तुळं. शेतकर्यांनी, व्यापार्यांची, खोर्यातून. ऱ्य जिथं जिथं होता, तिथं तिथं र वर चढून रफार झाला होता. एका वाक्याखाली दोनदा रेघ होती. मूळ वाक्य होतं, 'बैलगाड्या दऱ्या ओलांडून येत'. समासात गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात: "ताई, तुमच्या बैलगाड्या दर्या ओलांडायला लागल्या की!" दुकानात आले तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे. एक शिकवतो, दुसरा रांधतो. हा अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा, मराठी लिहिणाऱ्याला पदोपदी लागतो. शेतकऱ्याचं नाव त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. "शेतकऱ्याच्याच नावात चूक व्हावी, हे बरं नाही," असं ते म्हणाले आणि मला ओशाळल्यासारखं झालं.

चूक मी हाताने दुरुस्त केली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ: ऱ, हलन्त, य. बोटांना ते इतकं बसलंय की झोपेतही येईल. पण कागदावर उतरवणं हे निराळंच दुखणं होतं. पुस्तकाची पानं लावायला मुक्त, म्हणजे बिनकुलपाच्या, सॉफ्टवेअरमध्ये स्क्रायबस होता, आणि स्क्रायबसला तेव्हा आपली जोडाक्षरं येत नव्हती. क्ष लिहिला की क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तिघे वेगवेगळे उभे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर. चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये मराठी व्यवस्थित दिसायचं, म्हणून पत्रिकांची कामं मी त्यावर भागवत होते, पण शंभर पानांचं पुस्तक इंकस्केपवर लावता येत नाही. गुरुजी मधून मधून विचारायचे, आणि मी म्हणायची, पुढच्या आवृत्तीत येईल म्हणतात. आवृत्ती हा आमच्या धंद्यातला शब्द. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून घरातली पहिली उघडायची थांबत नाही. ही 'आवृत्ती' मात्र मी वर्षानुवर्षं दारात उभी राहून वाट बघावी तशी बघितली.

तेव्हापासून मला रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची टिपणं, वाचायची सवय लागली. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, चहा घेऊन मी त्या वाचते. इंग्रजी बेताचंच, पण या नोट्सची भाषा ओळखीची झालीय. त्यांत मोठ्या घोषणा थोड्या असतात आणि खाली लांबच लांब यादी असते: अमुक ठिकाणी खिडकी हलायची, ती थांबवली, तमुक फाइल उघडताना प्रोग्राम पडायचा, तो आता पडत नाही. बऱ्याचदा पुढे दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. पोलंडमधला कुणी, ब्राझीलमधली कुणी. कुणाच्या तरी टेबलावर कुणाचं तरी काम अडलं होतं आणि तिसऱ्याच कुणीतरी ते सोडवलं, असं ओळीओळीला दिसतं. ग्नोम हा केडीईसारखाच दुसरा डेस्कटॉप, त्याच्या एका आवृत्तीचं नाव काठमांडू होतं आणि २०२५ च्या मार्चमधल्या ४८ व्या आवृत्तीचं बंगळुरू, कारण त्यांची माणसं आदल्या वर्षी तिथं जमली होती. ते वाचून उगाचच आपल्या गल्लीतलं कार्य असल्यासारखं वाटलं. माझ्या संगणकावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असतो, त्याचं चिन्ह उंदीर. गणपतीच्या सांगलीला ते शोभतं. त्याची ४.२० ही आवृत्ती २०२४ च्या १५ डिसेंबरला आली, आधीच्या आवृत्तीनंतर दोन वर्षांनी. फोटो दुरुस्त करायच्या जिंप ३.० ला तर २.१० नंतर जवळजवळ सात वर्षं लागली, २०२५ च्या मार्चमध्ये आलं. उत्तरकार्याच्या पत्रासाठी लोक पाकिटात ठेवून दुमडलेले फोटो आणतात, चेहऱ्यावरूनच घडी गेलेली असते. पूर्वी उजेड वाढवला की तो फोटोत कायमचा मुरायचा. आता तो वेगळा राहतो, चार दिवसांनीही काढता येतो. परवा एका बाईंनी सांगितलं, "ते इतके गोरे नव्हते हो," आणि मी त्यांच्या यजमानांना त्यांचा रंग परत दिला.

स्क्रायबस १.६ आला २०२४ च्या १ जानेवारीला. मी तो त्याच आठवड्यात उतरवून घेतला. त्याआधीच्या चाचणीच्या आवृत्त्यांत आपली अक्षरं जुळायला लागली होती, पण त्यांवर गिऱ्हाइकाचं काम करायचं धाडस मला झालं नव्हतं. कोरं पान उघडलं, भाषा मराठी केली आणि एकच शब्द टाइप केला. द आला. ऱ आला, खाली टिंब घेऊन. हलन्त दाबला. य दाबला, आणि ऱ ने मान खाली घालून य च्या डाव्या अंगाला पापणीसारखी आपली जागा घेतली. काना दिला. दऱ्या. पडद्यावर मी तो शब्द मोठा केला, आणखी मोठा केला, सगळं पान भरेपर्यंत. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून कुणाला सांगता आलं नाही.

ही जोडणी करणारं जे यंत्र आत बसलंय, त्याचं नाव हार्फबझ. इराणमध्ये वाढलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी ते घडवलं. तुमच्या फोनवर हा लेख जर अँड्रॉइडमध्ये दिसत असेल, तर यातली जोडाक्षरंही त्यानेच जुळवलेली आहेत. लिब्रेऑफिसमध्ये तेच, फायरफॉक्समध्ये तेच. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. आमच्या आजीच्या तोंडी 'हरफ' होता. "माझ्यासमोर एक हरफ काढायचा नाही," असं ती आजोबांनाही म्हणायची. स्क्रायबसमध्ये हे काम बसवण्यात ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मोठा हात होता, त्यांना ते अरबीसाठी हवं होतं. मला हे फार विलक्षण वाटतं. दर्या हा शब्द फारसीतूनच आपल्याकडे आला, दऱ्या आपल्या. आणि आपली दऱ्यांतली पापणी शाबूत राहावी म्हणून जे हात लागले, ते त्या दर्यापलीकडचे होते. त्यांना गुरुजींच्या बैलगाड्या माहीत नव्हत्या. त्यांनी आपली अडचण सोडवली, पण ती अशी सोडवली की माझीही सुटली.

आणि आपण? हा प्रश्न मला त्रास देतो. मी वीस वर्षं यातून घेते आहे. पोटापाण्याचं सगळं काम यावर. बदल्यात मी काय दिलं? पत्रिका छापून देताना कधी कुणी विचारलं तर चार शब्द सांगितले असतील.

हा त्रास वाढला तो २०२४ च्या मार्चअखेरीस. एक्सझेड नावाचं एक लहानसं साधन आहे, फायली दाबून लहान करणारं, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा. हे बिनपगारी, आवडीने केलेलं काम आहे, माझी ताकद मर्यादित आहे, असं त्याने जाहीर लिहिलंही होतं. अशात एक मदतनीस आला, दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून काम करत राहिला, विश्वास बसल्यावर किल्ल्या त्याच्या हातात आल्या, आणि मग त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या संगणकावर शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. हे वाचलं त्या दुपारी चहा तसाच राहिला. चोराचा राग आलाच, पण त्याहून जास्त वेळ मी त्या पहिल्या माणसाचा विचार करत होते. तो थकला होता आणि तसं सांगत होता. त्याच्या कामावर अवघं जग उभं होतं आणि "थोडा वेळ मी धरते, तुम्ही बसा" म्हणायला जो पुढे आला तो चोर निघाला.

गुरुजींचा डबा टेबलावर असताना मला हेच सगळं आठवत होतं. कारण त्यांना छातीठोक सांगावं, "गुरुजी, आमच्याकडे असं कुणाला म्हातारं ठरवत नाहीत," तर तेही खरं नाही. माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात पुरानंतर घेतलेला एक संगणक आहे, ३२ बिटवाला, म्हणजे जुन्या घडणीचा, त्यावर मी अजून पावत्या करते. २०२५ च्या ९ ऑगस्टला डेबियन १३ हे लिनक्स आलं, आणि अशा यंत्रावर ते बसवायची सोय त्यांनी बंद केली. पुढे नोव्हेंबरात फायरफॉक्सनेही ३२ बिटच्या लिनक्सचा हात सोडला. डेबियनची ती बातमी वाचून मला वाईट वाटलं होतं. पण तिथं कारणं वाचायला मिळाली. आधीपासून सांगितलं होतं, उघड्यावर चर्चा झाली होती, कुणी विरोध केला होता, आणि शेवटी मुद्दा येऊन ठेपला तो एवढ्यावरच, की ही जुनी यंत्रं घरात ठेवून, प्रत्येक बदल त्यांवर चालवून बघणारी माणसं पुरेशी उरलेली नाहीत. लोखंड चालतं आहे, सांभाळणारा उरला नाही. हरिपूरच्या पेवांचंही गुरुजींनी तसंच काहीतरी लिहिलंय: पुराने पाणी भरलं हे झालंच, पण पेव खणणारे, त्यात उतरणारे हात त्याआधीच कमी व्हायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्हवरून त्या डब्यावर लिनक्स मिंट चालवून बघितलं, एक्सएफसीईवालं. चार जीबी मेमरी होती. सुरू झालं, आवाज आला, वायफाय आलं. गुरुजींच्या फायलींची दोन ठिकाणी नक्कल काढून मग ते पक्कं बसवलं. दिवाळीच्या आधी मी स्वतःच तो डबा हरिपूरला घेऊन गेले. खिडकीशी टेबल, बाहेर संगमाच्या बाजूचा वारा, आणि त्यात ओल्या गवताचा वास. काकूंनी विचारलं, आता याला काय म्हणायचं? मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, ही २२.२, सप्टेंबरात आलेली, हिचं नाव झारा. "झारा?" काकू हसू आवरत म्हणाल्या, "अगंबाई, दिवाळीच्या तोंडावर बरा आणलास. करंज्या तळायच्याच आहेत." २०२९ पर्यंत हिला दुरुस्त्या मिळत राहतील, असं मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बोटांवर मोजलं. काही बोलले नाहीत.

मग त्यांनी आपलं लिखाण उघडलं आणि लगेच चष्मा वर केला. "हा ल हिंदी आहे." होता. मजकुराची भाषा हिंदी लागलेली होती; ज्या फाँटांत सोय केलेली असते, त्यांत भाषा मराठी केली की ल आणि श मराठी वळण घेतात. मी सगळा मजकूर निवडून भाषा बदलली. चाळीसच्या शंभर झालेल्या पानांतला प्रत्येक ल एका क्षणात वळला. गुरुजींनी पान खाली-वर केलं, ऱ्य शोधले, एकेकावर बोट ठेवलं. बैलगाड्या दऱ्याच ओलांडत होत्या. पण भाषा मराठी होताच शुद्धलेखन तपासणाराही जागा झाला, आणि शब्दांखाली लाल नागमोडी रेघा उमटल्या. पेवात. काहिलीत. जेठा गड्डा, सोरा गड्डा, बगल गड्डा.

"यात काय चुकलंय?" गुरुजींचा आवाज वर्गातला झाला होता.

"चुकलं नाही गुरुजी. त्याला हे शब्द ठाऊक नाहीत."

"का ठाऊक नाहीत?"

"कुणी सांगितले नाहीत म्हणून."

"मग सांगायचं कुणी?"

काकू आतून चहा घेऊन आल्या तोवर मी गप्प होते. मग त्यांना सांगितलं, की ही शब्दांची यादी साध्या फाइलीत असते, उघडून वाचता येते, त्यात भर घालून पाठवता येते. ती चालवणारं हनस्पेल हे मूळ हंगेरियन भाषेसाठी केलेलं, तिथंही एकेका शब्दाची आपल्यासारखीच खंडीभर रूपं होतात, म्हणून शब्दांबरोबर रूपं बनवायचे नियमही त्यात लिहिता येतात. गुरुजींनी खणातून शंभरपानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली, आणि शिस लावून पेन्सिल वहीच्या मध्यात ठेवली.

ती वही आता माझ्याकडे असते, दर महिन्याला भरून येते. हळदीचे शब्द संपले, मग गुऱ्हाळाचे आले, आता ते नावाड्यांचे शब्द गोळा करताहेत, त्यासाठी संगमावर जाऊन बसतात म्हणे. मी दुपारी दोन ते चार ते टाइप करते. पहिली पन्नास पाठवली आहेत, घेतली जातील का ते अजून कळायचंय. काल फोन आला. मी पहिल्याच शब्दावर अडले होते, पेववर, त्याची रूपं कुठल्या नियमात बसवायची ते मला ठरवता येत नव्हतं.

"नियमाचं राहू द्या, आधी चालवून बघू," गुरुजी म्हणाले. "घ्या लिहून. प्रथमा: पेव, पेवं. द्वितीया: पेवाला, पेवांना. झालं? तृतीया: पेवाने, पेवांनी. सावकाश घ्या ताई, मी थांबतो."